माझा जीव, माझी गाडी. मग बेल्टची सक्ती कशाला?

सीटबेल्टवरच्या वादात दोन वेगळे प्रश्न नेहमी एकत्र कालवले जातात. बेल्ट लावावा का, हा एक. आणि नाही लावला तर सरकारने दंड करावा का, हा दुसरा. पहिल्याचा निकाल कधीच लागलाय. दुसरा मात्र खरोखर अवघड आहे, आणि बेल्ट किती चांगला हे शंभरदा सांगून तो सुटत नाही. रोज पहाटे चालायला जाणंही तब्येतीला चांगलंच असतं. म्हणून साडेपाचला कोणी दारावर हवालदार पाठवत नाही. तेव्हा ‘माझ्या जिवाचं मी बघून घेईन, सरकारला काय पडलंय?’ असं विचारणाऱ्याला वेड्यात काढण्यात अर्थ नाही. पुण्यात हेल्मेटसक्तीविरोधी कृती समिती उभी राहिली तेव्हा तिची टिंगल बरीच झाली, पण वादाच्या मुळाशी हाच प्रश्न होता. माझ्या शरीराचं बरंवाईट ठरवायचा अधिकार कोणाचा?

तरी पहिल्या प्रश्नावर थोडं थांबावं लागेल, कारण दुसऱ्याच्या उत्तराची सुरुवात तिथेच होते.

ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण १६.७ मीटर. वरून पडताना हा वेग गाठायला १४ मीटर उंची लागते, म्हणजे चौथ्या-पाचव्या मजल्याची गॅलरी. गाडीत बसल्यावर ६० चा वेग रेंगाळल्यासारखा वाटतो. उभ्या ट्रकला मागून ठोकल्यावर शरीराला सोसावा लागणारा वेग मात्र तोच असतो. गाडीचा पुढचा भाग मुद्दाम चुरगळेल असा बनवलेला असतो. समजा तो ६० सेंटिमीटर आत गेला, तर गाडी तेवढ्या अंतरात थांबली. बेल्टने सीटला बांधलेला माणूस गाडीबरोबरच थांबतो. वजन ७० किलो धरलं तर त्या क्षणी त्याच्यावर सरासरी दीड टनाहून जास्त जोर येतो. बेल्ट तो खांदा, बरगड्या आणि कंबरेच्या हाडावर वाटून देतो. बरगडी मोडू शकते, छातीवर पट्ट्याचा काळानिळा वळ उठतो, पण माणूस जगण्याची शक्यता कितीतरी वाढते. ‘मी हाताने समोरचं धरून ठेवीन’ म्हणणाऱ्यांनी दीड टनाचा आकडा पुन्हा एकदा वाचावा.

बेल्ट न लावलेल्याला त्या चुरगळणाऱ्या बॉनेटचा काहीच उपयोग होत नाही. गाडी थांबलेली असते आणि हा अजून ६० नेच पुढे चाललेला असतो. मग स्टिअरिंग, काच किंवा पुढच्या सीटची पाठ यांच्यावर आपटून पाच-सहा सेंटिमीटरांत थांबतो. थांबायचं अंतर दहा पटींनी कमी, म्हणून जोर दहा पटींनी जास्त. एअरबॅग आहे ना, असं कोणी म्हणेल. ती सेकंदाच्या काही शतांश भागात फुगते, आणि बेल्टने माणूस जागेवर धरून ठेवला आहे असं गृहीत धरून तिचं सगळं गणित बसवलेलं असतं. ब्रेक दाबल्याने आधीच पुढे झुकलेला चेहरा फुगत्या पिशवीच्या वाटेत आला, तर वाचवणारी वस्तूच इजा करते. गरोदर बायकांनी बेल्ट लावू नये हाही एक हट्टी गैरसमज आहे. लावायचा, फक्त खालचा पट्टा पोटाच्या खालून, मांड्यांच्या वर घ्यायचा.

आज आपण वापरतो तो तीन ठिकाणी अडकणारा पट्टा १९५९ साली व्होल्वोच्या गाड्यांत आला. तो बनवणारे निल्स बोलिन आधी लढाऊ विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनांवर काम करत होते, त्यामुळे झटक्यात शरीराचं काय होतं हे त्यांना चांगलं माहीत होतं. कंपनीने पेटंट इतरांना वापरू दिलं. पुढच्या सीटवरच्यांचा मृत्यूचा धोका बेल्टने ४५ ते ५० टक्क्यांनी आणि मागच्यांचा सुमारे २५ टक्क्यांनी कमी होतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. शंभर टक्के नाही. त्यामुळे २०२२ साली भारतात बेल्ट न लावलेले १६,७१५ लोक मेले, ही केंद्रीय वाहतूक मंत्रालयाची नोंद वाचताना ते सगळेच्या सगळे वाचले असते असं समजू नये. पण काही हजार नक्की वाचले असते.

स्वातंत्र्याची बाजू

आता दुसरा प्रश्न. व्यक्तिस्वातंत्र्याची सगळ्यात नेटकी मांडणी १८५९ साली जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज विचारवंताने केली. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की दुसऱ्याला इजा होऊ नये एवढ्यासाठीच समाजाने एखाद्यावर बळजबरी करावी. त्याच्या स्वतःच्या भल्यासाठी फार तर समजवावं, विनवावं, पण जबरदस्ती करू नये. त्याने पुलाचं उदाहरण दिलंय. पूल धोक्याचा आहे आणि माणूस त्यावर पाय ठेवतोय. सांगायला वेळच नसेल तर खुशाल त्याचा दंड धरून मागे ओढा, कारण नदीत पडायची त्याची इच्छा नाही. पण धोका निव्वळ शक्यतेचा असेल आणि त्याला तो समजलेला असेल, तर सावध करून बाजूला व्हा.

बेल्ट यातल्या कुठल्या खणात बसतो? वरवर पाहता दुसऱ्या. रोजच्या हजार फेऱ्यांत काही होत नाही, धोका शक्यतेचाच आहे. जाणता, प्रौढ माणूस, स्वतःच्या गाडीत, एकटा. त्याच्यापुरतं बोलायचं तर मला मिलचं म्हणणं पटतं, आणि सक्तीच्या बाजूने त्याच्यासमोर जे पहिलं कारण ठेवलं जातं ते मला लंगडं वाटतं. ते कारण खर्चाचं. अपघात झाला की १०८ ची रुग्णवाहिका येते, सरकारी दवाखान्यात खाट अडते; २०२५ पासून तर अपघातग्रस्तांना सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत बिनपैशाच्या उपचारांची केंद्राची योजना आहे. पैसा सगळ्यांचा, म्हणून सगळ्यांनी बेल्ट लावावा. हे मान्य केलं तर तंबाखू, वडापाव, पतंग उडवायला गच्चीच्या कठड्यावर चढणं, सगळ्यालाच दंड लावावा लागेल. शिवाय हिशेब निर्दयपणे केला तर जागच्या जागी मेलेला माणूस सरकारी तिजोरीला जखमीपेक्षा स्वस्त पडतो. असल्या हिशेबावर कायदा उभा करू नये.

सक्तीचं खरं कारण वेगळंच आहे, आणि ते मागच्या सीटवर बसलेलं असतं.

मागची सीट

३ जून २०१४ च्या सकाळी दिल्लीत गोपीनाथ मुंडे विमानतळाकडे निघाले होते. केंद्रात मंत्री होऊन जेमतेम आठवडा झाला होता. ते मागच्या सीटवर होते, बेल्ट नव्हता, आणि चौकात दुसरी गाडी येऊन धडकली. बाहेरून मोठी जखम दिसत नव्हती. मानेला आणि यकृताला झालेल्या आतल्या इजांनी ते गेले. तेव्हाचे आरोग्यमंत्री हर्षवर्धन यांनी लगेच जाहीरपणे सांगितलं, की मागचा बेल्ट शोभेसाठी असतो या समजुतीपायी आपण मित्र गमावला. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची मर्सिडीज कठड्याला धडकली. मागे बसलेले मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी यांनी बेल्ट लावले नव्हते. दोघे जागीच गेले. पुढचे दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. एका अपघातावरून सिद्धान्त मांडता येत नाही हे खरं. पुढे एअरबॅग होत्या, धडक कशी बसली यावरही बरंच अवलंबून असतं. पण महाराष्ट्राने हे दोन मृत्यू पाहिले आणि तरीही लग्नाला जाणाऱ्या इनोव्हात मागे सहाजण दाटीवाटीने बसतात.

मागचा माणूस मोकळा असेल तर तो फक्त स्वतःचं नुकसान करून घेत नाही. वरचंच गणित पुन्हा लावा. गाडी थांबली, आणि ७० किलोचा माणूस ६० च्या वेगाने पुढच्या सीटच्या पाठीवर आदळला. त्या सीटवर बेल्ट लावून, सगळे नियम पाळून कोणीतरी बसलेलं आहे. पुढून त्याला बेल्टने धरलंय आणि मागून हे ओझं येतंय. जपानमधल्या एक लाखाहून जास्त गाड्यांच्या अपघातांची माहिती तपासून २००२ साली संशोधकांनी मांडलं, की मागचा प्रवासी मोकळा असेल तर पुढच्या बेल्टवाल्याचा मृत्यूचा धोका जवळजवळ पाच पट होतो. दोन वर्षांनी अमेरिकेत वेगळ्या पद्धतीने हिशेब झाला. तिथे बेल्ट न लावलेल्या सोबत्यामुळे इतरांचा धोका साधारण पाचवा हिस्सा वाढलेला दिसला. दोन्ही आकड्यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. मी सावधपणे दुसराच धरून चालेन. तोही पुरेसा आहे. कारण आता माझ्या ‘निवडी’ची किंमत ड्रायव्हर मोजतोय, माझी बायको मोजतेय, किंवा माझ्या मांडीवरचं पोर मोजतंय. मिलचाच नियम लावला तरी इथे बळजबरीला पूर्ण मुभा आहे.

मांडीवरच्या पोराबद्दल तर वाद घालायलाच नको. दहा किलोचं मूल, वरच्याच हिशेबाने, धडकेत सव्वादोनशे-अडीचशे किलोच्या जोराने हातातून ओढलं जातं. कुठल्याही आईच्या मिठीत एवढी ताकद नसते. आणि आई स्वतःच मोकळी असेल तर मूल तिच्या आणि डॅशबोर्डच्या मध्ये सापडतं.

म्हणजे ‘वैयक्तिक निवड’ हा मुद्दा शिल्लक उरतो तो गाडीत एकट्याच असलेल्या प्रौढ माणसापुरता. त्याच्यासाठी वेगळा कायदा करायचा, तर रस्त्यावरच्या हवालदाराने प्रत्येक गाडीत डोकी मोजत बसायचं आणि पुढच्या नाक्यावर कोणी बसलं-उतरलं की नियम बदलायचा. हे काही जमण्यासारखं नाही.

पण बेल्ट लावला की माणूस बेफाम होतो का?

हा आक्षेप सोशल मीडियावर कमी आणि विद्यापीठांत जास्त ऐकू येतो, पण दमदार आहे. १९७५ मध्ये सॅम पेल्ट्झमन या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने म्हटलं, की गाडी सुरक्षित वाटायला लागली की चालक जास्त जोरात हाणतो आणि धोका रस्त्यावरच्या इतरांकडे सरकतो. लंडनचे प्राध्यापक जॉन अ‍ॅडम्स यांनी ब्रिटनमध्ये बेल्टसक्तीला याच कारणासाठी जाहीर विरोध केला. ब्रिटनने ३१ जानेवारी १९८३ पासून पुढच्या सीटवर सक्ती आणली. ती संसदेने आधी तीन वर्षांच्या प्रयोगापुरतीच मान्य केली होती, ही मला फार आवडलेली गोष्ट आहे. नागरिकाच्या अंगावर नियम चढवायचा तर त्याला मुदत घालावी आणि मुदत संपताना हिशेब मागावा.

हिशेब असा निघाला. बेल्ट लावणाऱ्यांचं प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास होतं, ते काही आठवड्यांत ९० च्या वर गेलं. चालक आणि शेजारचा प्रवासी यांचे मृत्यू स्पष्टपणे घटले. पण पादचारी, सायकलवाले आणि मागचे प्रवासी यांच्या आकड्यांत वाढ दिसली, आणि अ‍ॅडम्स यांच्या बाजूला दारूगोळा मिळाला. ती वाढ बेल्टमुळे की दुसऱ्या कशामुळे, यावर संख्याशास्त्रज्ञ बरीच वर्षं भांडले. पुढे अमेरिकेतल्या वेगवेगळ्या राज्यांचे आकडे घेऊन कोएन आणि आयनाव्ह या दोघांनी २००३ मध्ये तपासलं, तेव्हा बेल्टमुळे लोक बेदरकार झाल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. ब्रिटनच्या संसदेने त्याआधीच, १९८६ मध्ये, सक्ती कायम केली होती.

आपल्याकडे या आक्षेपाला वेगळी धार येते. २०२२ साली रस्त्यावर मेलेल्या १,६८,४९१ जणांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवाले होते आणि जवळपास २० टक्के पायी चालणारे. त्यांना बेल्टचा काडीचा उपयोग नाही. फूटपाथ बांधण्यापेक्षा बेल्टची पावती फाडणं सोपं असतं, म्हणून बेल्टच्या मोहिमा निघतात, असं कोणी म्हटलं तर त्यात तथ्य आहे. एसटीत दांड्याला लटकून घाट उतरणाऱ्याला कोणी काही बोलत नाही आणि मोटारवाल्याला पावती, ही तक्रारही खोटी नाही. मात्र यातून निघतं ते एवढंच, की सरकारने आणखी बरंच काही करायला हवं. बेल्ट सोडून द्यावा असं काही निघत नाही.

सक्ती कशी करावी, हा तिसरा प्रश्न

जगात पहिली सक्ती ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने १९७० च्या डिसेंबरात आणली. आदल्या वर्षी तिथे रस्त्यावर १,०३४ माणसं गेली होती आणि तिथल्या एका वर्तमानपत्राने तो आकडाच मोहिमेचं नाव करून टाकला होता. अमेरिकेने वेगळा रस्ता धरला: कायद्याऐवजी यंत्राकडून सक्ती. १९७४ च्या नव्या गाड्या पुढच्या सीटवरचा बेल्ट लावल्याशिवाय चालूच होत नसत. शेजारच्या सीटवर किराणाची पिशवी ठेवली तरी गाडीला तो माणूस वाटायचा आणि ती रुसून बसायची. लोक एवढे खवळले की त्याच वर्षी तिथल्या संसदेने ही यंत्रणा बंद पाडली, वर बेल्टची आठवण करून देणारा आवाज आठ सेकंदांपेक्षा जास्त सक्तीचा करायचा नाही असंही कायद्यात लिहिलं. गंमत म्हणजे दहाच वर्षांत, १९८४ मध्ये, न्यूयॉर्कने दंडाचा कायदा केला आणि मागोमाग बाकीची राज्यं आली. अपवाद एकच. न्यू हॅम्पशायरमध्ये प्रौढांना आजही बेल्टची सक्ती नाही. ‘स्वतंत्र जगा, नाहीतर मरा’ हे त्यांचं ब्रीद तिथल्या नंबरप्लेटवर छापलेलं असतं. देशाची सरासरी नव्वदीच्या पुढे असताना तिथे पाऊणशे टक्क्यांच्या आसपासच लोक बेल्ट लावतात. अठरा वर्षांखालच्यांना मात्र तिथेही सूट नाही.

एक मधली वाटही होऊन गेली. १९७५ मध्ये इंग्लंडच्या न्यायालयाने एका दाव्यात ठरवलं, की अपघात समोरच्याच्या चुकीने झाला असला तरी बेल्ट लावून इजा पूर्ण टळली असती, तर भरपाईतून २५ टक्के कापायचे. कमी झाली असती, तर १५. म्हणजे दंड नाही, पण तुमच्या निवडीचा भार तुम्ही उचला. स्वातंत्र्यवाद्यांना हा तोडगा खरं तर आवडायला हवा. आपल्याकडे दाव्यांचा निकाल लागायला लागणारी वर्षं पाहता तो इथे चालेल असं मला वाटत नाही.

आपल्याकडची तऱ्हा अशी. मागच्यांनी बेल्ट लावायचा नियम केंद्रीय मोटार वाहन नियमांत मिस्त्रींच्या अपघाताच्या आधीपासून होता. अंमल कोणी करत नव्हतं. १ नोव्हेंबर २०२२ पासून मुंबईत सगळ्या प्रवाशांना बेल्ट सक्तीचा झाला, तेव्हा पहिली अडचण निघाली ती काळ्या-पिवळ्या टॅक्सींची, कारण कित्येकींत मागे बेल्टच नव्हते. खासगी गाड्यांत बेल्ट असतो, पण बकल सापडत नाही. नवी गाडी आली की पहिल्या आठवड्यात सीटकव्हर चढतं आणि बकल त्याच्या खाली कायमचं गाडलं जातं. शोधायला हात घातला तर बिस्किटाचा चुरा, एखादं नाणं आणि नथीचा मोती हाताला लागतो. पुढच्या सीटवर वेगळी कला. बेल्ट पाठीमागून घेऊन अडकवायचा म्हणजे गाडी टुंग-टुंग करत नाही, किंवा शंभर-दीडशे रुपयांची नुसती पत्र्याची क्लिप बकलमध्ये खुपसायची. चार मुख्यमंत्र्यांच्या गाड्यांत बसलो, तिथेही अशा क्लिपा दिसल्या, असं खुद्द नितीन गडकरी २०२२ मध्ये म्हणाले होते. नावं सांगितली नाहीत. २०२३ च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन विक्रेत्यांना या क्लिपा काढायला लावल्या. १३,११८ जाहिराती उतरल्या. मला यात १९७४ ची अमेरिका दिसते. आपल्याकडच्या माणसाने मोर्चा काढला नाही, जुगाड केला, एवढाच फरक.

आता दंड. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९४-ब आलं. बेल्ट न लावता गाडी चालवली तर हजार रुपये. पण वाक्य तिथे संपत नाही: बेल्ट न लावलेले प्रवासी नेले, तरीही दंड चालवणाऱ्यालाच. चौदा वर्षांखालचं मूल बांधलेलं नसेल तर त्याचाही त्याच्याच माथी, आणि ते योग्यच आहे. उभ्याने प्रवासी नेणाऱ्या वाहनांना वगळायची मुभा त्याच कलमात राज्यांना दिली आहे, त्यामुळे लटकणाऱ्या एसटी प्रवाशाचा प्रश्न कायद्यानेच बाजूला ठेवलाय.

माझा आक्षेप प्रौढ प्रवाशाबद्दल आहे. ब्रिटनमध्ये चौदा वर्षांवरचा प्रवासी स्वतःच्या बेल्टला स्वतः जबाबदार असतो. दंड त्याच्या नावावर निघतो. आपल्याकडे टुरिस्ट गाडीचा ड्रायव्हर मागच्या साहेबांना ‘बेल्ट घ्या’ म्हणाला, तर ‘मागे लागत नाही रे, तू चल’ असं उत्तर येतं. तो पुढे काही बोलू शकत नाही, कारण संध्याकाळची बिदागी आणि पुढचं भाडं त्याच साहेबांच्या हातात असतं. नाक्यावर अडवलं की हजार रुपये त्याचे, आणि गाडी कठड्याला धडकली तर साहेबांचे ७० किलो त्याच्याच पाठीवर. ज्यांना ही वैयक्तिक निवड वाटते, त्यांनी निदान चलन आपल्या नावावर फाडून घ्यायची मागणी करायला हवी. कलमातला तो अर्धा भाग बदलायला संसदेला फार शाई लागणार नाही.